कमळीची जबानी

जमिनी वाचवायच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात बोनकोड्याच्या कमळीचा नवरा तुळशीराम गेला. तो पोलिसांवर दगड मारत होता, असं सरकारचं म्हणणं. कमळीला ते कधीच पटलं नाही. भरपाईचं नाव न काढता ती वर्षानुवर्षं एकच सांगत फिरली, "माझा मानूस दगड मारत नव्हता." शेवटी ९४ साली फेरचौकशी लागली, आणि बेलापूरच्या कचेरीत ती साहेबांसमोर बसली.

"एवढ्या गर्दीत त्याच्या हातात दगड नव्हता, हे कशावरून म्हणता, बाई?"

"मी त्याचे बाजूलाच व्हती, साहेब. चिखलान माझी चप्पल तुटली, पाय घसरत व्हता. म्हनून एका हातानं त्यानं माझा हात धरलेला."

"आणि दुसऱ्या हातात?"

"माझी तुटकी चप्पल."

साहेबांनी जबानी लिहून घेतली आणि वाचून दाखवली, 'मयताच्या हातात दगड नव्हता.' हेच शब्द सरकारी कागदावर यावेत म्हणून कमळीने इतकी वर्षं उंबरे झिजवले होते. तिने डोळे पुसले, अंगठा उठवला, पण ती जागची हलेना.

"आणखी काही राहिलं का, बाई?"

कमळी लाजली. खाली बघत हळूच म्हणाली, "चारचौघांत त्यानं माझा हात धरला, तो त्या दिवशी पयल्यांदाच. तेपन लिवा."