दावं

बाभळीची फांदी पेंढ्यात घुसली तसा शिवलिंगनं करकचून ब्रेक मारला.

"हिच्या मायला, परत हीच बाभळ!"

आंध्रातल्या कालव्यावरचा भाताचा पेंढा भरून तो कागद कारखान्याला निघाला होता. लातूरचा नवा जिल्हा झाला, रस्त्याचे दगड नव्यानं रंगवले, पाऊस तेवढा नव्या जिल्ह्यात यायचा राहून गेला. चाकूरच्या अलीकडं ही बाभळ आताशा दर खेपेला ट्रकातून भाराभर पेंढा ओढून घेई. दोन खेपा काट्यावर कमी भरल्या होत्या. तिसरीही कमी भरली तर किल्ली ठेवून घरी जायचं, असं मालकानं त्याला तोंडावर सांगितलं होतं.

फांदीच छाटून टाकावी म्हणून कोयता घेऊन तो खाली उतरला आणि बघतच राहिला. फांदी आपोआप वाकली नव्हती. कुणीतरी ती खाली ओढून मैलाच्या दगडाला दाव्यानं बांधली होती.

खाली एक म्हातारी सांडलेला पेंढा गोळा करत होती, केवळाबाई. ती पळाली नाही. "तोड बाबा," ती म्हणाली. "पर दावं तेवढं तोडू नको. गाईचं हाय."

"मग गाय काय मोकळी सोडलीस, मावशे?"

"बांधून काय करू? पळून जायाला आधी उठाया तर पायजे."

रस्त्यालगतच तिचं खोपट होतं. दारात तांबडी गाय पडली होती. शिवलिंग तिच्या बरगड्या बघत उभा राहिला. त्याला लई वाईट वाटलं आणि रागही आला. कुणाचा, ते त्याचं त्यालाच कळेना.

"बाजूला सर," एवढंच म्हणून तो गाडीत चढला. ट्रक मागं घेतला आणि पुन्हा त्याच फांदीखालून काढला.

काट्यावर जे व्हायचं ते झालं. मालकानं किल्ली मागून घेतली.

महिन्याभरानं तो काम शोधायला एसटीनं उदगीरकडं निघाला होता. बाभळ जवळ आली तसा खिडकीला चिकटला. फांदी वर गेली होती. दगडाला दावं नव्हतं. गाय गेली वाटतं बिचारी!

बस खोपटापुढून गेली. दारात खुंटा होता. खुंट्याला दावं होतं, आणि दाव्याला हिसके देत तांबडी गाय रस्त्याकडं ओढ घेत होती.