आधी कुठली गाडी

नगरपालिकेच्या गॅरेजात ह्यांनी मिस्त्री म्हणून तीस वर्षं काढली. विजेवरची पहिली गाडी घ्यायची ठरली, तेव्हा हे म्हणाले, "साहेब, आधी रुग्णवाहिका बदला. जुनी आता माझ्या शिव्यांवर चालते."

साहेबांनी शववाहिका घेतली. तिची फेरी जवळची, एका चार्जिंगमध्ये दिवस निघतो म्हणे.

घरी येऊन हे किती हसले होते! "अगं, ज्याला घाई नाही त्यालाच नवी गाडी!"

निवृत्तीनंतर वर्षभरातच ह्यांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका गॅरेजातच अडून बसली. हे धापा टाकत ड्रायव्हरला फोनवर सांगत होते, "बॅटरीची वायर हलव रे... हं, आता मार चावी..."

ती सुरू झालीच नाही.



नवी गाडी मात्र बोलावल्यावर पाच मिनिटांत आली, जराही आवाज न करता.