नव्वद फूट

प्रफुल्लनं स्टॉपवॉच सुरू केलं आणि देवीदासनं तोंड फिरवलं. आटलेल्या बोअरला पाणी आणायला घड्याळ लागतं, हे त्याला एकतीस वर्षांच्या नोकरीत आज पहिल्यांदाच कळत होतं.

रायपूरच्या भनपुरीतल्या या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, हातपंप एकच, आणि तो महिन्याभरापासून कोरडा. अशा बोअरमध्ये पाइपांना बांधून रबरी पॅकर खाली सोडायचा, तो फुगवून बोअरला आतून बूच मारायचं आणि त्याच्याखाली पाणी इतक्या जोरानं दाबायचं, की खडकातल्या बुजलेल्या भेगा उघडाव्यात. एका बोअरला आतापर्यंत अख्खा दिवस जायचा. पण रायपूर राजधानी झाली आणि सगळ्यांनाच घाई सुटली. दिवस वाचवायला पाणीपुरवठा खात्यानं कंत्राटावर प्रफुल्लला आणला. वय सव्वीस, बूट पांढरे, राहायला चौबे कॉलनीत. घरात मराठी, पण मराठीला उत्तर द्यायचा ते हिंदीत.

वेळ नेमका कुठं जातो, हे त्यानं आठवडाभर वहीत टिपलं आणि चोर पकडला. चोर म्हणजे देवीदासची दोरी. पॅकर सोडण्याआधी देवीदास बोअरमध्ये लोखंडी आकडा बांधलेली दोरी सोडायचा. माती ढासळू नये म्हणून बोअरच्या वरच्या भागात प्लॅस्टिकचा केसिंग पाइप असतो. त्याच्या खालच्या काठाला आकडा अडकवून तो खोली मोजायचा, कारण पॅकर बसायला हवा केसिंगच्या खाली, उघड्या खडकात. यात पाऊण तास जायचा. प्रफुल्लनं जुन्या नोंदींतून चाळीस बोअरच्या केसिंगच्या खोलीची सरासरी काढली आणि ठरवून टाकलं, की यापुढं सगळीकडं पॅकर साठ फुटांवर आणि दोरी बंद. चाळीस माणसांच्या पायांची सरासरी काढून सगळ्यांना एकाच मापाचा जोडा शिवावा, तसली ही अक्कल. पण त्यानं तिचा रंगीत तक्ता केला आणि मोठ्या साहेबांनी त्यावर मान डोलावली.

ही बोअर खोदली तेव्हा नऊ वर्षांपूर्वी देवीदास स्वतः रिगवर होता. इथं खाली नुसती चिकणमाती. खडक लागेस्तोवर केसिंग पार नव्वद फुटांपर्यंत घालावं लागलं होतं.

"साहेब, इथं केसिंग खोल आहे," तो म्हणाला. "एकदा दोरी टाकून पाहू."

प्रफुल्लनं घड्याळावरची नजरसुद्धा काढली नाही. "अंकल, आप लोगों की इसी रस्सी ने डिपार्टमेंट का टाइम खाया है."

ड्रायव्हर फिदीफिदी हसला. देवीदासला राग आला नाही, किळस आली. नव्वद हा आकडा त्याच्या जिभेवर होता. एक शब्द, दुसरं काही लागणार नव्हतं. त्यानं तो गिळला. कर म्हणावं, अतिशहाण्या. दुपारी मोठे साहेब पाहायला येणार आहेत, त्यांच्यासमोर आपट तोंडावर, म्हणजे दोरी काय असते ते कळेल. तो गाडीच्या सावलीत जाऊन बसला आणि त्यानं तंबाखू मळायला घेतली. मनातून तो खूश होता.

साठ फुटांवर पॅकर फुगला, म्हणजे केसिंगच्या आतच. पंप सुरू झाला. दाबाच्या मीटरचा काटा चढत गेला आणि एकदम खाली आला. काटा पडला की खडक फुटला, एवढं प्रफुल्लनं पुस्तकात वाचलं होतं. त्यानं घड्याळ थांबवलं. दोन तास दहा मिनिटं. तो ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारून हसला.

खडक फुटतो तेव्हा तळपायांना कळतं. देवीदासच्या पायांना काही कळलं नाही. फुटला होता केसिंग पाइप. थोड्या वेळानं हातपंपाच्या ओट्याला तडा गेला आणि फटीतून पिवळा चिखल वर येऊ लागला. आत बोअर मातीनं भरत होती. ती आता कुणाच्या बापालाही उघडता येणार नव्हती.

"थोड़ी मिट्टी है, बैठ जाएगी," प्रफुल्ल म्हणाला. त्यानं फॉर्मवर काम पूर्ण झाल्याची वेळ लिहिली आणि चिखल टाळून ओट्याचा फोटो काढला. मोठे साहेब आलेच नाहीत. त्यांचा फोन आला, शाबासकीचा. तोंडावर कुणी आपटलं नाही. असली माणसं आपटतच नाहीत, हे एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं.

पाइप गाडीवर चढले. पुढची बोअर वाट पाहत होती. देवीदास शेवटची साखळी बांधत असताना वनमालाबाई जवळ आल्या. पाऱ्यातल्या चाळीस घरांच्या पाण्याचं त्याच पाहायच्या. सकाळी गाडी आली तेव्हा त्यांनी त्याला लांबूनच जय भीम घातला होता. त्यांच्यामागं बायका रिकामे डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या.

"पानी लागलं काय, भाऊ?"

"नाही," देवीदास म्हणाला. "बोअर बुजली."

वनमालाबाईंनी ओट्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सकाळी टँकर आलता. चार दिसानं नंबर लागला होता आमचा. पन तुमाले गाडीवर पायलं, अन् मीच त्याले वापस धाडला. म्हनलं, आज दुसऱ्या पाऱ्यात दे, आमचे देवीदासभाऊ आले."