न अडखळता

विगमुंड निर्दोष ठरायचा तर त्याच्यासोबत शपथ घ्यायला बारा माणसं लागत होती आणि चर्चच्या दारात अकराच उभी होती. बारावा, त्याचा चुलता, पहाटेपासून तापाने फणफणला होता.

"बारावा मिळाला नाही तर विगमुंडचा हात तोडायचा. मर्सियाच्या राजाचा कायदा आहे, माझा नाही," कारभारी म्हणाला.

विधवा बर्गविनचा बैल चोरल्याचा आळ विगमुंडवर होता. नांगर धरणारा माणूस तो. हात गेला की घरादाराचं पोट गेलं. त्याची बायको गर्दीतल्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. माणसं आपापल्या पायांकडे बघत होती. शपथ खोटी ठरली तर साथ देणाराही बुडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

टिल्बर्टही मान खाली घालून उभा होता. बैल त्यानेच नेला होता. हिवाळा सरता सरेना, घरात दाणा नव्हता. उरलेलं मांस अजून त्याच्या आढ्याला धुरात टांगलेलं होतं. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं मन त्याला बजावत होतं. पण विगमुंडच्या उजव्या हातावरून त्याची नजर हलेना.

"मी राहतो उभा," तो म्हणाला.

"तू? तुमचं तर बांधावरून वाजलंय ना?" मागून कुणीतरी हसलं.

"वाजलंय. म्हणून काय तो चोर झाला?"

संताच्या अस्थींच्या पेटीवर हात ठेवून आधी विगमुंडने शपथ घेतली. मग एकेक जण पुढे आला. 'याची शपथ खरी आहे,' एवढंच म्हणायचं, पण न अडखळता. एकाची जीभ अडखळली तरी सगळं फुकट. विगमुंडच्या सख्ख्या भावाचा आवाज कापला. मेहुण्याने तीनदा आवंढा गिळला. कसेबसे अकरा जण पार पडले.

टिल्बर्टने खणखणीत आवाजात शपथ घेतली. त्याला अडखळायचं कारणच नव्हतं.

विगमुंड सुटला. त्याने टिल्बर्टला घट्ट मिठी मारली. "माझ्या रक्ताची माणसं कचरली रे. तू एकटाच..." टिल्बर्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गर्दी पांगली. म्हातारी बर्गविन काठी टेकत टिल्बर्टपाशी आली.

"तो चोर नाही, असं त्या अकरा जणांना नुसतं वाटत होतं, बाबा," ती म्हणाली. "तुला ठाऊक होतं."