खिडकीतलं ताट

लॉकडाऊनमुळे मोर्चा काढता येईना. म्हणून चर्चने ठरवलं, देशात आश्रय मागायला आलेल्या ज्या परदेशी लोकांचे अर्ज फेटाळून सरकारने त्यांची मदतही बंद केली, त्यांच्यासाठी घरोघरी खिडकीत एक रिकामं ताट ठेवायचं. ही कल्पना समोरच्या रोझलिनची. "यांना उपाशी ठेवू नका," अशा पाट्याही तिनेच रंगवल्या.

"रिकामं ताट बघून कुणाचं पोट भरतं गं?" मी सुनेला विचारलं.

"मम्मी, ते फक्त दाखवायला असतं," सेरेना म्हणाली.

रविवारी दुपारी एक माणूस आमच्या फाटकाशी थांबला. त्याने पाटी वाचली, ताट बघितलं आणि बेल वाजवली. अर्ज फेटाळलेला, दोन दिवसांचा उपाशी. घरात कुणाला घ्यायचं नाही असा रूल, म्हणून मी खिडकीतलंच ताट उचलून धुतलं, त्यात भात आणि मासळीचं कालवण वाढलं आणि त्याला पायरीवर बसवलं.

समोरचा पडदा हलला. रोझलिन फोन घेऊन उभी.

"फोटो काढतेय वाटतं तुझी मैत्रीण," मी म्हटलं. "काढू दे. चर्चमध्ये मिरवेल."



दहा मिनिटांत पोलिसांची गाडी थेट आमच्याच दारात आली. त्याच्याकडे दाखवायला कागद नव्हते. त्याने ताट सांडू न देता पायरीवर ठेवलं आणि गाडीत जाऊन बसला.

आता अंधारायला आलंय. सगळ्यांच्या खिडक्यांत रिकामी ताटं चकचकतायत. आमचं तेवढं पायरीवर आहे, अर्धं भरलेलं.

"मम्मी, आत घ्या ना ते," सेरेना म्हणते.

मी म्हणते, राहू दे. समोरून नीट दिसतंय.