दारावरची थाप

दिनानाथ रेडिओवरच्या नाटकांसाठी निरनिराळे आवाज काढायचा. रविवारच्या श्रुतिकेत दंगलखोर एका घराचं दार ठोठावणार होते, म्हणून तीन दिवस तो उल्हासनगरच्या आपल्या खोलीत जुन्या फळीवर मुठी आपटत होता. फळी वाजू लागली, की दाराखालच्या फटीत शेजारच्या, सिंधमधून आलेल्या ईश्वरीबाईची सावली येऊन थांबे. ही बाई रोज कान लावून काय ऐकते? तक्रार करायची आहे, की खोलीवर डोळा आहे? चौथ्या दिवशी त्यानं दार खाडकन उघडलं. "काय पाहिजे?" ती हलली नाही. फळीकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "ये क्या है, भाऊ?" "नाटकातलं दार. बाहेर जमाव आलाय." तिनं मान हलवली. "ऐसा नहीं ठोकते. हळूच वाजवतात. ओळखीचा माणूस नावानं हाक मारतो." त्याचा आवाज खाली आला. "मग?" "मग आम्ही दार उघडलं."