हिल्काआजींचा बुधवार

पाच वाजले आणि यूपीएस वाजला नाही.

आउलिसने खुर्चीत पाठ टेकली. तळघरातल्या कोंदट खोलीत सर्व्हरचा पंखा तेवढा घुरघुरत होता. दर बुधवारी या सुमारास यूपीएस किंचाळायचा आणि वीज सोडून बॅटरीवर जायचा. आज काही नाही. त्याने थर्मासमधली उरलेली कॉफी कपात ओतली. निवली होती, तरी बरी लागली.

माणूस दमला होता. फिनलंडमधल्या ईसाल्मीसारख्या गावात एकट्याने सर्व्हर चालवायचा, दुकानदारांचे हिशेब आणि जनावरांच्या दवाखान्याचा सगळा कारभार त्यावर सांभाळायचा, म्हणजे ना सुट्टी ना धड झोप. त्यात हे दुखणं मागे लागलेलं. शेजारच्या सौनातली, म्हणजे वाफेच्या न्हाणीतली, विजेची शेगडी लागली की तळघरातल्या जुन्या वायरिंगवर ताण यायचा, व्होल्टेज खाली जायचं आणि यूपीएस बॅटरीवर उडी मारायचा. उड्या मारून मारून बॅटऱ्या झिजल्या. एका बुधवारी त्यांनी मान टाकली आणि सर्व्हर धाडकन बंद पडला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, की पुन्हा असं झालं तर आम्ही दुसरीकडे जाऊ. त्या गेल्या तर आउलिसच्या धंद्यात राहिलं काय?

त्याने नव्या बॅटऱ्या घातल्या, सॉकेट बदललं, वायरमन आणला. वायरमन म्हणाला, अख्ख्या तळघराचं वायरिंग नव्याने करावं लागेल. सोसायटी ते जन्मात करणार नव्हती. राहिली ती शेगडी. इमारतीत बाकी सगळ्यांनी घरातच सौना करून घेतले होते. तळघरातला जुना सौना आता एकट्या हिल्काआजींसाठी तापायचा. आजी तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या, वय ऐंशीच्या पुढे. बुधवारची संध्याकाळ ही त्यांची पाळी, नवरा होता तेव्हापासूनची.

आउलिस त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेलाही होता. आजींनी वेलची घातलेला गोड पाव पुढे केला, सगळं ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं. "म्हणजे मी शेगडी लावली की तुला खाली कळतं? दर वेळी?" दर वेळी, तो वैतागून म्हणाला. आजींनी त्याला आणखी एक पाव वाढला. सौना सोडायचं मात्र नाव नाही. "जिवंत आहे तोवर माझा बुधवार चुकायचा नाही, बाबा," असं ऐकवून त्यांनी त्याला वाटेला लावलं.

आणि वर कमाल बघा. आधी त्या पाच-सहाच्या दरम्यान कधीतरी खाली उतरायच्या. तक्रारीनंतर शेगडी अगदी पाचच्या ठोक्याला लागायला लागली. म्हातारी मुद्दाम छळते आहे, आउलिसने मनाशी ठरवून टाकलं. मग त्यानेही चंग बांधला. सोसायटीचा अध्यक्ष राइमो याच्या मागे लागून त्याने सौना कायमचा बंद करायचा विषय उद्याच्या सभेत घ्यायला लावला. आणि सभेचा काय भरवसा, म्हणून आज सकाळी यूपीएसची सेटिंगही बदलली. व्होल्टेज थोडंफार खाली गेलं तरी दाद द्यायची नाही, गप्प बसायचं.

आता यूपीएस गप्प बसला होता. म्हणजे जमलं.

पण आउलिस या कामात मुरलेला. शेगडी लागूनही यूपीएस गप्प राहिला तरच ते खरं. खात्री करायला तो उठला आणि शेजारच्या सौनाचं लाकडी दार त्याने ढकललं. आत अंधार होता. शेगडीवरच्या दगडांना त्याने हात लावला. ते गारच होते.

क्षणभर त्याला बरंच वाटलं. मोडला एकदाचा म्हातारीचा हट्ट. मग तिचं ते बोलणं आठवलं, जिवंत आहे तोवर, आणि तो जिन्याकडे धावला.

बेल वाजवली, उत्तर नाही. गुडघ्यावर बसून त्याने दारातल्या टपालाच्या फटीचं झाकण उचललं आणि हाक मारली. आतून, अगदी जमिनीलगत, बारीक आवाज आला. सगळ्या घरांच्या किल्ल्या राइमोकडे असायच्या. आउलिसने त्याला फोन केला आणि तो धापा टाकत आला.

आजी न्हाणीघराच्या दारात पडल्या होत्या. पाय वेडावाकडा, ओठ पांढरेफटक. राइमोने रुग्णवाहिकेला फोन लावला. आउलिसने अंगातलं जॅकेट काढून त्यांच्यावर घातलं. सकाळी नाश्त्याच्या आधीच पाय घसरला, आजी म्हणाल्या. दिवसभर त्या गार फरशीवर होत्या. केवढ्या घाबरल्या असाल, आजी, आउलिस म्हणाला.

"घाबरायचे आधी," आजी हळूहळू बोलत होत्या. "पडले तर कुणाला कळणार, म्हणून. तू तक्रार घेऊन आलास आणि माझी काळजी मिटली. तेव्हापासून पाचचा ठोका चुकवला नाही. तुझं यंत्र वाजलं नाही की तू वर येणार, हे ठाऊक होतं. पाचपर्यंत धीर धरायचा, एवढंच काम होतं मला."

आउलिसला सकाळी बदललेली सेटिंग आठवली. आज खात्री करायला उठलो नसतो तर, या विचाराने त्याने जॅकेट आजींभोवती आणखी घट्ट लपेटलं.

रुग्णवाहिका गेली. उद्याच्या सभेतल्या विषयाचं काय करायचं, राइमोने विचारलं. काढून टाक, आउलिस म्हणाला. तळघरात जाऊन त्याने यूपीएसची सेटिंग पुन्हा पहिल्यासारखी केली. मग शेजारी जाऊन सौनाची शेगडी लावली आणि कान देऊन उभा राहिला. यूपीएस किंचाळला, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.